रि: रि: क्लबच्या खात्यावर पैसे टाकू नका!! (सीना पूर)

खजिनदारकाका:
मंडळी, सीनेच्या पूरग्रस्तांसाठी भोंडल्याला कबूल केलेली रक्कम ज्यांनी सोलापूरच्या खेळाच्या क्लबला सरळ पाठवायला घेतलीय त्यांनी प्लीज आज थांबा. क्लबकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नाही. आपलं मराठी मंडळ इथं परदेशात रजिस्टर आहे त्यामुळे आपला पैसा विदेशी धरला जातो, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तसला पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घ्यावा लागतो, तिथनं दुसऱ्या संस्थेला फिरवताही येत नाही. क्लबच्या पोरांनी पूरग्रस्तांना हॉल उघडून दिला आणि उद्या त्यांनाच नोटीस, असं नको.

वहिनी (नाट्यविभाग):
काका हे भोंडल्याच्या आधी सांगायला हवं होतं. कलेक्शन दरवर्षी आम्ही बघतो, यावेळी मंडळाच्या खेळवाल्यांनी परस्पर देणगीची शीट फिरवली आणि आता सात जणांची नावं दोन्हीकडे लागलीयत. आणि इथून ब्लँकेटं पाठवायचं कुणी काढलंय? चादरी तिथंच सोलापूरच्या पूर्व भागात घ्या, तेवढंच यंत्रमागवाल्यांना काम.

अप्पा:
वहिनी शीटचं राहू द्या ओ. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, आम्ही तालमीतली पोरं नुकती कुठं आडवी झालो होतो आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारीचे जखमी सिव्हिलला यायला लागले तसे आम्ही स्ट्रेचर धरायला गेलो, कुणी बोलावलं नव्हतं. तालमीचा उपयोग हाच, एक हाक मारली की चाळीस जण गोळा. पहिल्या आठवड्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे ढीग लागले होते, महिन्यानं मात्र बघायला कुणी नव्हतं. पैसे त्या वेळेसाठी ठेवा.

कोचदादा (सोलापुरातनं):
अप्पा बरोबर बोलले. पुणे हायवेवरचा लांबोटीचा पूल बंद झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण हॉलमध्ये आहेत ते सीनाकाठच्या तिऱ्हे गावाकडचे, कर्नाटकातनं शेतकामाला आलेले, नदीकाठी भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारे. पंचनाम्यात खोलीमालकाचं नाव लागलं, यांचं कुठंच नाही. रेशनकार्डं वाहून गेली. वन नेशन वन रेशनमध्ये तिकडचं कार्ड इथं चालतं, कार्डाचा नाहीतर आधारचा नंबर सांगून अंगठा दिला की धान्य मिळायला पाहिजे, पण बायाबापड्यांना मराठी धड येत नाही आणि दुकानदार पहिल्यांदा नाहीच म्हणतो. आपली दोन कबड्डीची पोरं घरात कन्नडच बोलतात, ती रोज सोबत जातात, मग मिळतं. संध्याकाळी बारकी पोरं खो-खोला घेतो, तेवढ्यात आया तहसीलला जाऊन येतात. शीटवर बूट आणि किट लिहिलंय ते काढून टाका, पोरं अनवाणीच पळतात. बायकांना आंघोळीला आडोसा नाही की ओ, हॉलला एकच बाथरूम, तेही पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीतनं जावं लागतं. बाया पहाटे चारला उठून उरकतात. त्याचं आधी बघा.

नवीन मेंबर:
माझा पासपोर्ट भारतीयच आहे. मी माझ्या पगारातून क्लबला दिले तर चालतील का?

खजिनदारकाका:
चालतील. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतनं बँकेतर्फे दिलेले विदेशी धरत नाहीत, फक्त पैसे मंडळाच्या खात्यावरनं जाता कामा नयेत. ओसीआय कार्डवाले, म्हणजे मूळचे भारतीय पण आता दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेले, मात्र परदेशी नागरिक, त्यांनी एफसीआरए असलेल्या संस्थेलाच द्यावे. तिघांनी मला खासगीत लिहिलंय की भाच्याच्या खात्यातनं फिरवू, तसं अजिबात करायचं नाही. वहिनी, भारतीय पासपोर्टवाल्यांची यादी तुम्हीच करा, शीट तुमच्याकडंच राहू दे.

वहिनी (नाट्यविभाग):
यादी आज रात्री करते. दादा, आडोसा तात्पुरता कापडाचा नको, पत्रा आणि आतून कडी. खर्च किती ते टाका.

कोचदादा:
गवंडी सकाळी येतोय, माप घेतलं की टाकतो. दोन करू, एक पोरीबाळींना खेळून आल्यावर.