अंदमानचा बेत : आधी भरती-ओहोटी, मग पॅकेज

मोठे काका: ट्रॅव्हलवाल्यांनी पाठवलेलं अंदमानचं पॅकेज ग्रुपवर टाकलंय. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, नील, सगळं आहे. रात्रीपर्यंत सगळ्यांनी हो-नाही कळवा.

वहिनी: काका, मस्त वाटतंय. पण छोटी सहा वर्षांची आहे, तिला पोहता येत नाही. तिच्यासाठी यात नक्की काय आहे?

आई: आणि माझ्या गुडघ्यांचं काय ते आधी सांगा. बोटीत चढ-उतार फार आहे का?

ताई: काका, हो म्हणायच्या आधी थोडं थांबूया का? मी मैत्रिणींबरोबर जाऊन आले आहे, म्हणून सांगते. या पॅकेजमध्ये ठिकाणं मोजली आहेत, वेळा बघितलेल्याच नाहीत. अंदमानात दिवस कसा जाणार हे समुद्र आणि सूर्य ठरवतात. उदाहरणार्थ, त्यांनी हॅवलॉकचा राधानगर बीच ‘सायं. ५ वाजता’ लिहिलाय. डिसेंबरात तिथे पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो! घड्याळ आपलंच, पण ती बेटं पार पूर्वेला, ९२-९३ रेखांशावर. आपल्यापेक्षा सूर्य तासाभराहून आधी उगवतो आणि आधीच मावळतो. म्हणजे मुलं पोहोचणार आणि अंधार पडणार. राधानगरला तीन-साडेतीनलाच वाळूवर असायला हवं. इतका रुंद, मऊ वाळूचा, मागे उंच झाडांची रांग असलेला किनारा रोज बघायला मिळत नाही.

दादा: मग सकाळी पाचला उठायचं?

ताई: हो दादा. साडेपाचला उजाडायला लागतं. पाण्यातली मजा सकाळी, दुपारी जेवून झोप, आणि साडेतीननंतर पुन्हा किनारा. मुलांना हे फार मानवतं.

वहिनी: ताई, छोटीचं सांगा ना.

ताई: वहिनी, छोटीसाठी हॅवलॉकचा एलिफंट बीच. हॅवलॉकचं नाव आता स्वराज द्वीप आहे, २०१८ मध्ये बदललं, पण बोटवाले अजून दोन्ही म्हणतात. जेट्टीवरून छोट्या बोटीने जायचं. तिथे स्नॉर्केलिंगला पोहता यावं लागत नाही. लाइफ जॅकेट घालून रबरी ट्यूब धरायची आणि गाइड ओढत नेतो. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, चेहरा पाण्यात. तिला नळीची भीती वाटली तर ग्लास बॉटम बोट आहेच, बसल्या बसल्या खालची पोवळी आणि मासे दिसतात. माझा आग्रह एवढाच की निघायच्या आधी मास्क घालून घरी बादलीत तोंड बुडवायचा सराव करा. समुद्रात पहिल्यांदा नळीतून श्वास घ्यायला मोठी माणसंसुद्धा घाबरतात.

मोठ्या मुलाला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, करता येईल. साधारण दहा वर्षांपासून घेतात आणि तो अकराचा आहे. पण त्याला सर्दी असेल तर अजिबात नको, कानात दाब अडकतो. आणि डायव्ह आणि परतीचं विमान यांत निदान १८ तासांचं अंतर ठेवायचं. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. लगेच विमानात बसलं तर वरच्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. पॅकेजमध्ये स्कूबा कुठल्या दिवशी आहे बघा, शेवटच्या दुपारी! तो आधीच्या दिवसावर आणायलाच हवा.

दादा: हे बरं सांगितलंस. दमा असेल तर?

ताई: आधी डॉक्टरांना विचारायचं. केंद्रावर तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यात खरं तेच लिहायचं. गर्भारपण, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, सगळं.

आत्या: समुद्राला भरती-ओहोटी असते तर बोटी कधीही निघतात कशा? आबा कोकणात तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे.

ताई: आत्या, अगदी मुद्द्याचं बोललीस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आबांचा हिशेब कोकण किनाऱ्याचा, अंदमानात तो लागू पडत नाही. प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, हे तिथेही खरं. आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे आजची वेळ उद्या चालत नाही. नीलला, म्हणजे शहीद द्वीपला, दगडाची नैसर्गिक कमान आहे. ती ओहोटीलाच बघायची, कारण वाट खडकांतून जाते आणि डबक्यांतले खेकडे, समुद्रकाकड्या तेव्हाच दिसतात. भरतपूर बीचवर मात्र उलटं: भरतीला पाणी छान, ओहोटीला उघडी पोवळी आणि टोचणारे दगड. एकाच दिवशी दोन्ही बघायचे तर क्रम भरतीप्रमाणे ठरवायचा. पॅकेजमध्ये मात्र दोन्हीला सकाळी अकराची वेळ दिलीय.

आई: माझं राहिलंच.

ताई: आई, तुझ्यासाठी रॉस बेट. हल्लीचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोटीने थोडंसंच अंतर. तिथे बॅटरीवरची गाडी मिळते, चढ चालावा लागत नाही. ब्रिटिशांचं १९४२ पर्यंतचं मुख्य ठाणं तेच होतं. आता चर्च, बेकरी, बंगले, सगळ्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळल्यात. हरणं आणि मोर माणसांच्या अगदी जवळ येतात, छोटी खूश होईल. एलिफंट बीचला मात्र बोटीतून थेट गुडघाभर पाण्यात उतरायला लागतं, तेव्हा तू त्या सकाळी किनाऱ्यावर बस, मी सोबत थांबते.

आणि सेल्युलर जेलला आपण सगळेच जाऊ. पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्याच्या टोकाला आहे, जिने आहेत, पण तुझ्यासाठी आपण हळूहळू चढू. १९११ ते १९२१ हा माणूस तिथे होता, आणि थोरले भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात असूनही भेटू द्यायचे नाहीत. मुलांना ती खोली दाखवायलाच हवी.

मोठे काका: बाराटांगचं काही बोलली नाहीस. चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून बोट, मातीचे ज्वालामुखी. मला तेच आवडलं होतं.

ताई: काका, तेच काढून टाकावं असं मला मनापासून वाटतं. गुहा सुंदर आहेत, ते नाकारत नाही. पण तिथला रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे तीन-चारला निघून, ठरलेल्या वेळी गाड्यांच्या ताफ्यातून जावं लागतं. थांबायचं नाही, फोटो नाही, काही द्यायचं नाही, असा कायदा आहे. तरी लोक खिडकीतून ‘दिसतायत का’ म्हणून बघतातच. ती माणसं आहेत, त्यांचं घर आहे ते. बाहेरच्यांचे आजार त्यांना झेपत नाहीत. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. मला त्या गाडीत मुलांना बसवायचं नाहीये.

मोठे काका: हे मला माहीत नव्हतं. पॅकेजवाले तर त्याच रस्त्याची जाहिरात करतात.

दादा: काका, पूर्ण दिवस गाडीत जाण्यापेक्षा तो दिवस हॅवलॉकला जोडू. खारफुटी कयाकिंगमध्ये, म्हणजे छोटी होडी वल्हवतानाही, बघता येते. मोठा कधीपासून त्याच्या मागे लागलाय. अमावास्येच्या आसपास रात्री पाणी चमकतं म्हणे?

ताई: हो, वल्हं मारलं की निळसर ठिणग्या उठतात. सूक्ष्म जीव असतात ते. चंद्र असेल तर दिसत नाही. मी बघितलंय आणि तो अंधार मोठ्याला अजिबात जड जाणार नाही. छोटीला रात्रीच्या कयाकमध्ये नको.

मोठे काका: ठीक, बाराटांग काढतो. त्यांना फोन करतो.

वहिनी: मगरींचं ऐकलं होतं, खरं आहे का?

ताई: खरं आहे, वहिनी. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाड्या आणि खारफुटीच्या तोंडाशी जास्त. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी बाईचा जीव गेला होता. म्हणून राधानगरला खुणा केलेल्या भागातच उतरायचं, लाइफगार्ड असतील तेव्हाच, आणि अंधार पडल्यावर पाण्यात पाय घालायचा नाही. दूर एकटे कोपरे बघायला जाऊ नका. एवढं पाळलं तर घाबरायचं कारण नाही.

आत्या: मुलं शिंपले गोळा करणार हे नक्की.

ताई: गोळा करू देत, पण परत तिथेच ठेवायचे. पोवळ्याचा तुकडा, मेलेलासुद्धा, नेता येत नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा. विमानतळावर सामानात सापडला की काढून घेतात आणि वर कारवाई. मुलांना आधीच सांगून ठेवा. पोवळं म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. पायाने तुडवलं की वर्षानुवर्षांचं काम मोडतं. पाण्यात उभं राहायची सवय आपल्याला असते, तिथे ती सोडावी लागेल. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घ्या, ऊनही लागत नाही आणि पाण्यात रसायनंही जात नाहीत. वाळूतल्या बारीक माश्या पाय खातात, त्यासाठी सूती पायजमे हवेतच.

वहिनी: लिहून घेते. अजून काही?

ताई: दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. परतीच्या आदल्या रात्री आपण पोर्ट ब्लेअरलाच हवं, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. वारा-पाऊस असला की बोटीच्या फेऱ्या रद्द होतात. सकाळची फेरी धरून त्याच दुपारी विमान, असं पॅकेजमध्ये लिहिलंय ते मी मान्य करणार नाही. हॅवलॉक पोर्ट ब्लेअरपासून साधारण ४० किलोमीटर आहे, खासगी क्रूझला दीड-दोन तास लागतात, ज्यांना बोट लागते त्यांनी औषधाचं डॉक्टरांना आधी विचारा. आणि रोख रक्कम बाळगा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, नेट सुधारलं, पण बेटांवर पैसे द्यायच्या वेळी नेमकं गायब होतं.

मोठे काका: त्यांच्याशी बोललो. नवा बेत असा: पहिला दिवस जेल, दुसरा रॉस, मग हॅवलॉकला जास्त मुक्काम, स्कूबा तिथे पहिल्याच सकाळी, नंतर नील, आणि शेवटची रात्र श्री विजयपुरमला. नॉर्थ बे पण काढलं, गर्दी नको.

ताई: मस्त, काका. भरतीच्या वेळा त्या तारखांच्या काढून नील कधी पोहोचायचं ते मी सांगते. फेरीची तिकिटं मात्र उद्याच काढायला सांगा, नाताळात मिळत नाहीत. सगळ्यांचं मूळ ओळखपत्र हवं, मुलांचंही. फोटो इथे पाठवा.

आई: माझं आधार कपाटात आहे. उद्या सकाळी पाठवते.