बोटिंग नक्की कधी सुरू करता येईल? जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या जाणकारांनी सांगावे

तलावकाठी | ८ डिसेंबर २०२०

राम राम मंडळी.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तलावावर माझ्या पायडल बोटी आहेत. जागेचा मक्ता दरवर्षी लिलावात घेतो, अनामत भरतो. मार्चमधल्या जनता कर्फ्यूच्या आदल्या संध्याकाळी बोटी काठावर ओढून पालथ्या घातल्या, त्या अजून तशाच पालथ्या आहेत.

प्रश्न एवढाच: महाराष्ट्रात नौकाविहार आज चालू आहे की बंद?

जितक्या ठिकाणी विचारलं तितकी उत्तरं मिळाली. हॉटेलं ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने उघडली. १५ ऑक्टोबरपासून बागा उघडल्या, आठवडे बाजारही भरू लागले. ५ नोव्हेंबरला सिनेमागृहं आली आणि पोहण्याचे तलावही आले, पण तेवढे राज्य-राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंच्या सरावापुरतेच. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडली. या सगळ्यात बोटीचं नाव कुठेच नाही.

आमच्या तलावाला लागूनच नगरपालिकेची बाग आहे. ती चालू आहे, भेळवाला आहे, फुगेवाला आहे. बागेचं कुंपण संपलं की माझा धक्का. मग मी बागेत मोडतो का? की पाणी आहे म्हणून पोहण्याच्या तलावात? की मनोरंजन पार्कात? केंद्राच्या ३० सप्टेंबरच्या आदेशात मनोरंजन पार्कांना १५ ऑक्टोबरपासून परवानगी होती, ती राज्याने उचलली नाही. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच केंद्राचा कागद फिरतोय आणि लोक मला येऊन दाखवतात, "दादा, हे बघा, उघडलंय की!" त्यांची पोरं पालथ्या बोटींवर चढून बसतात ती वेगळीच.

ज्याचं नाव यादीत नाही ते चालू धरायचं की बंद? माझं सगळं घोडं इथेच अडलंय.

घाई का, तर आपल्याकडे बोटीचा हंगाम दिवाळी ते होळी. पुढे ऊन असं तापतं की दुपारी तलावावर कुत्रंही फिरकत नाही, आणि रब्बीची आवर्तनं सुटली की पाणी धक्क्यापासून लांब सरकतं, नुसता गाळ उरतो. यंदा पावसाने हात दिलाय, तलाव काठोकाठ आहे. आणि मक्ता मार्चअखेर संपतोय. संबंधित कार्यालयात गेलो तर एक साहेब म्हणाले "आम्हाला काही आलेलं नाही", दुसरे म्हणाले "तुम्ही बंद ठेवा असं आम्ही कुठे म्हटलं?" दोघांपैकी कोणीही लिहून द्यायला तयार नाही.

कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया सांगा.

भरीतपुरी | ८ डिसेंबर

इतला इचार कसाले करस भाऊ? पानी शे, बोट शे, आखो काय पाहिजे? सोडी दे पानीमा. आमच्याकडे शेताशेतात भरीत पार्ट्या चालू आहेत, तिथे कोण आदेश वाचत बसलंय?

निवृत्त_हेडक्लार्क | ८ डिसेंबर

भरीतपुरी, तुमच्या भरीत पार्टीत कोणी बुडत नाही. धागाकर्त्याने असलं काही ऐकू नये.

तलावकाठी, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे सगळे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ खाली निघतात. मोडले तर भादंवि १८८ लागतं. केंद्राने जे उघडलं ते राज्य बंद ठेवू शकतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा केंद्राचा कागद तुमच्या कामाचा नाही. राज्याच्या आदेशावर जिल्हाधिकारी आपला आदेश काढतात, तो वाचायचा. राज्याचे सध्याचे निर्बंध ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलेले आहेत, आणि टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवणारं राज्याचं 'मिशन बिगिन अगेन' जूनपासून ज्या पद्धतीने चाललंय ती बघितलीत तर एकेक गोष्ट नाव घेऊन उघडली जाते. तेव्हा नाव येईपर्यंत बंद धरा. आवडो न आवडो, पोलिसात गेल्यावर हाच अर्थ लावला जातो.

दुसरं. तुम्ही तीन वेगळ्या परवानग्या एकाच खिडकीवर मागताय, म्हणून टोलवाटोलवी होते. जागेची आणि पाण्याची परवानगी ज्याचा तलाव त्याची: जलसंपदा, नगरपालिका किंवा जिल्हा परिषद. बोटीची तपासणी-नोंदणी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. समुद्र नसला तरी त्यांच्याकडेच, खान्देशातल्या माणसाला हे पटवायला मला नोकरीत फार त्रास झाला. आणि कोरोनाचा निर्बंध जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. तुमचा प्रश्न फक्त तिसऱ्याचा आहे. तोंडी विचारूच नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. साहेब तोंडाने काहीही बोलतो, पण आवक क्रमांक पडलेल्या कागदाला त्याला उत्तर द्यावं लागतं.

मक्त्याचं: करारनाम्यात नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे का बघा. केंद्राच्या अर्थ खात्याने १९ फेब्रुवारी २०२० च्या पत्रात कोरोनाची साथ नैसर्गिक आपत्ती धरावी असं म्हटलंय. ते केंद्राच्या खरेदीपुरतं आहे, तुम्हाला थेट लागू नाही, पण मुदतवाढीच्या अर्जाला आधार म्हणून जोडायला हरकत नाही.

धुळेकर_वल्हे | ९ डिसेंबर

माझ्याकडे हवा भरायची कयाक आहे, एकट्याची. ३ जूनपासून सायकल, चालणं, पळणं असा मोकळ्यावरचा व्यायाम चालू झाला ना? वल्हवणं हा व्यायामच आहे. मी नकाणे तलावावर न्यायचं म्हणतोय. पाण्यावर सहा फुटांचं अंतर आपोआपच राहतं :)

निवृत्त_हेडक्लार्क | ९ डिसेंबर

युक्तिवाद चांगला आहे. तो काठावर उभ्या असलेल्या हवालदाराला सांगा आणि त्याचं उत्तर इथे लिहा. शिवाय नकाणे तलावातून शहराला पाणी जातं, तेव्हा कोरोना नसतानाही आधी महापालिकेला विचारावं लागेल.

सातपुड्याचा_वारा | ९ डिसेंबर

नंदुरबारकडून. आमच्याकडची गंमत ऐका. ३० ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते केवडियाला एकता क्रूझ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तिथून अहमदाबादला जाणारं पाण्यावरचं विमान सुरू झालं. सरदार सरोवर धरणाच्या खाली, गुजरातेत, नर्मदेवर तिकीट काढून फिरा. धरणाच्या वर, त्याच नर्मदेच्या फुगवट्यावर, अक्कलकुवा-धडगावकडे पर्यटकाला बोटीत घ्यायचं तर कोणी हो म्हणत नाही. तोरणमाळला यशवंत तलाव बघायला गाड्या येताहेत, पाणी बघून जाताहेत.

आणि त्याच फुगवट्यावर बोट एक दिवसही बंद नव्हती, कारण काठावरच्या पाड्यांना दुसरा रस्ताच नाही. दवाखाना बोटीने, रेशन बोटीने. अंगणवाडीच्या ताई तर स्वतः वल्हं मारत बाळांची वजनं घ्यायला गेल्या, तुम्ही पेपरात वाचलंच असेल. म्हणजे बंदी बोटीवर नाही, हौसेवर आहे. हे एकदा डोक्यात घेतलं की आदेश कळायला सोपे जातात.

एक विनंती. बंदी आहे म्हणून पर्यटक मासेमारीच्या होडीत चढतात, आमच्याकडे सर्रास चालू आहे. कृपा करून करू नका. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भाविकांनी भरलेली नाव नर्मदेत उलटली होती. त्यात लहान मुलंही गेली.

हतनूरची_पाखरं | १० डिसेंबर

अवांतर लिहितेय, क्षमस्व. बंदीच्या काळात पाणी शांत राहिलं. हतनूरच्या जलाशयावर आता थंडीचे पाहुणे पक्षी उतरलेत. दादा, तुमच्या तलावावर एखादा कोपरा उथळ, गवताळ असेल तर बोटी सुरू झाल्यावर तेवढा सोडून द्या. दोरीला रिकाम्या डब्यांची रांग बांधली तरी गिऱ्हाईक पलीकडे जात नाही.

तलावकाठी | १० डिसेंबर

सगळ्यांचे आभार. हेडक्लार्क काका, अर्ज लिहायला घेतलाय. ताई, पश्चिमेकडे पाणकणसाची बेटं आहेत, तिथे तसंही आम्ही बोट जाऊ देत नाही. पायडलात शेवाळ गुंतलं की गिऱ्हाईक तिथूनच ओरडत बसतं.

उपप्रश्न: परवानगी उद्या आली तरी बोटी लगेच सोडता येतील का? अख्खा उन्हाळा त्या उघड्यावर होत्या. भुसावळकडचं ऊन माहीत आहेच.

फायबरवाला_अमळनेर | ११ डिसेंबर

हा माझा विषय. पाण्याच्या टाक्यांपासून बोटींपर्यंत सगळं फायबर दुरुस्त करतो.

पहिली गोष्ट, पालथी बोट हाताने उचलू नका. लांब बांबूने एक कड उचला आणि बाजूला व्हा. आठ-नऊ महिने पडलेल्या बोटीखाली गांधीलमाशीचं पोळं हमखास असतं, साप असला तरी नवल नाही.

मग अंगठ्याने रंग घासा. पांढरी पूड हाताला लागली तर ते वरचं जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, उन्हाने गेलंय. दिसायला वाईट, पण बोट त्याने बुडत नाही. खरा धोका आतला. रुपयाचं नाणं घेऊन तळ ठोकत जा. सगळीकडे टणक आवाज येतो आणि मध्येच एखाद्या जागी भद्द वाजतं, तिथे थर सुटलेत. तिथे खडूने खूण करा. हंसाची बोट असेल तर मानेचा जोड बघा, पोरं चढून बसतात म्हणालात, तर तो नक्की हललेला असणार. तळाचं बूच काढा, त्याचं रबर कडक झालं असेल तर बदलाच. वीस-तीस रुपयांचा ऐवज आहे, पण बोट भरते ती तिथूनच.

चेन रॉकेलमध्ये भिजवा, ग्रीस द्या. त्यानंतर बोट गुडघाभर पाण्यात बांधा, माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आत पाणी दिसलं तर मला फोटो पाठवा.

लाइफ जॅकेट सगळ्यात महत्त्वाची. गोदामात उंदरांनी फोम कुरतडलेला असतो, वरून कळत नाही, दाबून बघा. बक्कल झटका देऊन ओढा, जुनं प्लॅस्टिक काडकन तुटतं. मग पोहता येणाऱ्या एखाद्याला घालून छातीभर पाण्यात पाय उचलायला सांगा. हनुवटी पाण्याच्या वर राहिली तर जॅकेट चांगलं. आणि कोरोनाचं म्हणून त्यावर हायपोक्लोराइट फवारू नका, कापड आणि शिवण दोन्ही सडते. साबणाच्या पाण्यात बुचकळा, सावलीत वाळवा, दोन संच करा आणि आलटून पालटून वापरा.

भरीतपुरी | ११ डिसेंबर

आज ग्रामपंचायतीच्या निवडणुका जाहीर झाल्या. १५ जानेवारीला मतदान. आता साहेब लोक महिनाभर सापडत नाहीत, अर्ज लवकर टाका.

धुळेकर_वल्हे | १२ डिसेंबर

नकाण्याला गेलो होतो. कयाक पिशवीतून काढायच्या आतच परत पाठवलं. युक्तिवाद ऐकून घेतला मात्र.

तलावकाठी | २२ डिसेंबर

अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला, उत्तर नाही. आणि आता टीव्हीवर रात्रीची संचारबंदी लागली म्हणून सांगताहेत. इंग्लंडच्या नव्या विषाणूमुळे परत सगळं बंद होणार का? फायबरचं काम काढू की थांबू?

निवृत्त_हेडक्लार्क | २२ डिसेंबर

काम काढा. ही संचारबंदी महापालिका क्षेत्रापुरती आहे, रात्री ११ ते सकाळी ६, ५ जानेवारीपर्यंत. तुमचं गाव नगरपालिकेचं, आणि रात्री अकरानंतर तुम्ही कोणाला पायडल मारायला लावणार आहात?

सातपुड्याचा_वारा | २३ डिसेंबर, रात्री

तलावकाठी, आला!! राज्याचा आजचा आदेश बघा. कंटेन्मेंट झोनच्या बाहेर जलक्रीडा, नौकाविहार, बागांमधली करमणुकीची साधनं, पर्यटनस्थळांवरची बंदिस्त जागेतली करमणूक, सगळ्याला परवानगी. नौकाविहार हा शब्द लिहिलेला आहे.

भरीतपुरी | २३ डिसेंबर

मी म्हणतच होतो.

निवृत्त_हेडक्लार्क | २४ डिसेंबर

तुम्ही पंधरा दिवस आधीपासून म्हणत होतात, तोच तर घोळ.

तलावकाठी, या आदेशाची प्रत जुन्या अर्जाला जोडून, आधीचा आवक क्रमांक टाकून पुन्हा द्या. कंटेन्मेंट झोनची यादी बदलत असते, तुमचा वॉर्ड त्यात नाही एवढं मुख्याधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. पोलीस ठाण्यालाही एक प्रत द्या, म्हणजे काठावर वाद नको. मेरीटाईम बोर्डाची तपासणी आणि विमा या वर्षात संपला असेल तर तेही बघा. कोरोनाची परवानगी आली म्हणून ते माफ होत नाही.

तलावकाठी | २७ डिसेंबर

काका, सांगितलंत तसंच केलं. गुरुवारीच कार्यालयात आदेशाची प्रत ठेवली, तेव्हा तेच साहेब म्हणाले, "आमची हरकत कधीच नव्हती." लेखी पत्र मिळालंय. अटी अशा: एका बोटीत एकाच घरातली माणसं, काठावर मास्क, थर्मल गन, नावांची वही. मुदतवाढीच्या अर्जाचं "वर पाठवलंय" एवढंच कळलं.

मास्कबद्दल एक ठरवलंय. काठावर सक्तीचा, पण जॅकेट चढवून बोट सुटली की हनुवटीखाली घ्यायला सांगणार. ओला मास्क नाकातोंडाला चिकटला तर पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वासच कोंडेल. कोणी अडवलं तर बघू.

अमळनेरच्या दादांनी सांगितलेली नाण्याची परीक्षा सगळ्या बोटींवर घेतली. दोन हंस आणि एक साधी बोट बाद, बाकीच्या बोटी वाळूच्या गोण्या टाकून पाण्यात बांधल्यात. जॅकेटांची अवस्था मात्र वाईट, निम्मी उंदरांनी खाल्ली. नवी मागवलीत. मंगळवारी दत्तजयंती आहे, काठावरच्या देवळात गर्दी असते, त्या दिवशी सोडणार नाही. पोरं कामाला नवीन आहेत. जॅकेटं आली की शुक्रवारी, १ तारखेला सुरू करतो.

तेवढ्यात एक मदत हवी. पायडलाच्या दोन चेन पार गंजून तुटल्यात आणि जळगावात त्या मापाची मिळत नाहीये. सायकलच्या चेनपेक्षा जाड, मोपेडच्यापेक्षा बारीक. धुळ्यात किंवा भुसावळला कोणाकडे असेल तर इथेच कळवा, मी येऊन घेऊन जातो.