शरबती म्हणून घेतला, पण पोळ्या वातड. कोणता गहू घ्यावा?

परळची_सून: यंदा वर्षाचा गहू भरताना दुकानदार म्हणाला ताई एमपीचा शरबती घ्या, लोकवनपेक्षा बराच महाग होता तरी ३० किलो घेतला. पोळ्या डब्यात तासाभरात पापड! सासूबाई रोज ऐकवतायत. फसले का मी?

निफाडकर_ठाण्यात: ताई, शरबती हे आता बाजारातलं नाव झालंय, गोणीवर लिहिलं म्हणून तो शरबती होत नाही. एमपीत सीहोर जिल्ह्याकडे काळ्या जमिनीत कमी पाण्यावर जो होतो तो मुख्यतः सी-३०६, जुनं उंच वाण, युरिया जास्त टाकला की लोळतं आणि एकरी उतारा कमी, म्हणून महाग. सीहोरच्या शरबतीला २०२३ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. गंमत म्हणजे शरबती सोनोरा हे वेगळंच वाण, मेक्सिकोच्या सोनोरा ६४ वर किरणांचा मारा करून १९६७ साली दिल्लीच्या पुसा संस्थेत केलेलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि लोकवनला कमी समजू नका, ते मुळात लोक-१, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं, वन म्हणजे इंग्रजी एक! आमच्याकडे निफाडच्या संशोधन केंद्राचं त्र्यंबक पण पोळीला छान. मूठभर दाणे तोंडात टाका आणि चावत रहा, लहानपणी खळ्यावर आम्ही तेच करायचो, चिंगमसारखा गोळा झाला की चिकटपणा चांगला. भुगाच राहिला तर समजा.

दादरचे_काका: खपली घ्या हो, पुरणपोळी बघा कशी होते.

निफाडकर_ठाण्यात: काका, खपलीला टरफल असतं, सडून घ्यावी लागते, मुंबईत सडून कोण देणार? सडलेली मिळते पण तिचा भाव बघा. आणि रोजच्या पोळीला ती नवख्या हाताला जमत नाही.

डोंबिवली_फास्ट: आधी गिरणीवाल्याला विचारा गव्हावर गहू दळला का. आमच्या इथे ज्वारीवरच आमचा गहू टाकायचा, पहिलं किलोभर पीठ तुटकंच. आणि गरम पीठ तसंच डब्यात बंद करू नका, पेपरवर पसरून निववा.

परळची_सून: चावून बघितला, मस्त गोळा झाला! गिरणीत विचारलं तर म्हणे काकू, तुमच्या आधी बाजरी होती. आता सासूबाईंना कोण सांगणार, गिरणी त्यांच्याच ओळखीची आहे 😅