आपली सोसायटी – फक्त कामाचे मेसेज

निलेश बी-५०४: पाटील साहेब, आज परत जिमला कुलूप. पहाटे पाच वाजता. वॉचमन म्हणतो, साडेसहाच्या आधी चावी द्यायची नाही असं सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय. पावणेसातची फास्ट पकडणाऱ्या माणसाने साडेसहाला जिममध्ये जाऊन काय करायचं? हजेरी लावून यायची?

पाटील (सेक्रेटरी): सुप्रभात. वेळ मीटिंगमध्ये ठरली आहे. सकाळी ६.३० ते ८.३०, त्यात ७ ते ८ फक्त महिला. संध्याकाळी ६ ते ९. कारण सर्वांना माहीत आहे.

जोशी काकू ए-१०१: कारण म्हणजे मी. सरळ नाव घ्या ना. जिमच्या बरोबर वर आमची बेडरूम आहे. पहाटे लोखंड आपटलं की पलंग हलतो.

साठे ए-२०१: जिमचं लाइटबिल कॉमन मीटरवर आहे. वापरणारे दहा, भरणारे छप्पन्न. याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

अश्विनी बी-३०२: महिलांना ७ ते ८ कोणी दिलं हे एकदा कळू दे. त्या वेळेला घरोघरी कुकर, डबे आणि स्कूलबस असते. ती वेळ वहीत शोभून दिसते, बाकी काही नाही.

पाटील (सेक्रेटरी): ताई, तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती.

अश्विनी बी-३०२: मीटिंग रविवारी सकाळी अकराला ठेवली होती. स्वयंपाकाच्या वेळेला.

राहुल ए-७०२: विषय जिमचा आहे की कुकरचा? तीन शिट्ट्या झाल्या 😄

निलेश बी-५०४: आमची दुसरी वेळ रात्री ९ ला संपते. गाडी वेळेवर आली तर ८.५० ला गेटपाशी. म्हणजे जिम आहे, मेन्टेनन्स आहे, व्यायाम नाही.

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: निलेश, कुलूप उघडेपर्यंत थांबायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची असा नियम होता, तो काढून टाकला. जिना, स्टेशनपर्यंतचं भराभर चालणं, सगळं जमेला धरतात. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तितकं.

साठे ए-२०१: चालायला वीज लागत नाही. हाच माझा मुद्दा आहे.

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: पण काका, चालण्याने ताकदीचे दोन दिवस भरून निघत नाहीत. नोकरी करणाऱ्यांचं नेमकं तेच राहून जातं. चालणं कसंबसं होतं आणि चाळिशीनंतर मांड्या, पाठ, खांदे गळायला लागतात.

अश्विनी बी-३०२: ताई, घरातल्या घरात वीस मिनिटांत बसेल असं सांगा. मॅट टाकायलासुद्धा जागा नाही.

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: मॅट नको. जेवणाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे सरकत नाही. तिच्यावर हात न टेकता बसायचं-उठायचं, १० वेळा. खाली जाताना तीन आकडे मोजायचे, धपकन बसायचं नाही. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचे. मग ओट्याच्या कडेला हात टेकून, पाय मागे नेऊन, अंग तिरकं सरळ ठेवून १० दंड. तिसरं, ऑफिसच्या सॅकमध्ये दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या, म्हणजे साधारण ४ किलो. कमरेतून पुढे वाकून, पाठ सरळ ठेवून सॅक पोटाकडे ओढायची, प्रत्येक हाताने १०. एक फेरी झाली. मिनिटभर थांबून दुसरी, मग तिसरी. सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार, मध्ये दोन दिवस सुटतील असं.

सुशांत सी-१०३: दहाच का? वीस केले तर लवकर होईल.

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: आकड्याला महत्त्व नाही. अजून दोन-तीन निघतील असं वाटतं तिथे थांबायचं. तिन्ही फेऱ्यांत १२ सहज व्हायला लागले की संख्या वाढवायची नाही, काम अवघड करायचं. ओट्यावरून पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. खुर्चीवर बसताना सॅक छातीशी धरायची. लोक महिनोन्महिने तेच वजन, तेच दहा करत राहतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. आणि श्वास कोंडून धरू नका, जोर लावताना सोडा. बीपीवाल्यांनी तर नक्कीच.

राहुल ए-७०२: आणि दुसऱ्या दिवशी कमोडवरून उठता आलं नाही तर ग्रुपवर मेसेज टाकायचा का?

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: तसं होणारच. नवीन व्यायामानंतर अंग दुखतं ते २४ ते ७२ तासांत जास्त जाणवतं आणि आपोआप जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच फेरी. रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार घालून मग आठवडाभर लिफ्ट अडवणारे याच सोसायटीत आहेत, नाव घेत नाही. सांध्यात टोचणारी कळ किंवा छातीत दडपण, हे मात्र वेगळं. तिथे थांबायचं आणि डॉक्टर.

राहुल ए-७०२: सी विंग, तुमच्याबद्दल बोलणं चाललंय.

सुशांत सी-१०३: ते १०८ पूर्ण झाले होते. फोटो आहेत.

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: फोटोत कंबर खाली लोंबलेली दिसते. १२ च घाला पण पोट आत घेऊन. रोज पाच-सहा मिनिटांचं काम आहे.

कदम बी-७०१: जिन्याचं काय? सात मजले रोज चढले तर जिमची कटकटच नको.

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: उत्तम आहे. आपल्याकडे मजल्याला साधारण वीस पायऱ्या, म्हणजे १४० च्या आसपास. पहिल्या आठवड्यात तीन मजले पायी, पुढे लिफ्ट. मग दर आठवड्याला एक मजला वाढवा. पूर्ण तळवा पायरीवर, चवड्यावर चढू नका. गुडघे कुरकुरत असतील तर चढा पायी आणि उतरा लिफ्टने. उतरताना शरीराचं वजन मांडीच्या ताणलेल्या स्नायूला अडवून धरावं लागतं, गुडघ्याच्या वाटीवर भार तेव्हा जास्त येतो.

कदम बी-७०१: पण चढायचं कुठून? तिसऱ्या मजल्यावर चपलांचं कपाट, दोन सायकली आणि तुळशीच्या चार कुंड्या.

अश्विनी बी-३०२: एकच कुंडी तुळशीची आहे. आणि तुमच्या मजल्यावर जुना फ्रिज आहे, तो कोणाच्या लक्षात येत नाही वाटतं.

पाटील (सेक्रेटरी): जिन्यात सामान ठेवणे फायर सेफ्टीच्या विरुद्ध आहे. दोन वेळा सर्क्युलर काढले आहे. 🙏

कदम बी-७०१: फ्रिज विकायला काढलाय. गिऱ्हाईक येतंय.

राहुल ए-७०२: गिऱ्हाईक सातव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढतंय, म्हणून उशीर होतोय.

साठे ए-२०१: लाइटबिल कॉमन मीटरवर आहे. वापरणारे दहा, भरणारे छप्पन्न.

देशमुख ए-४०२: सगळ्यांना नमस्कार. ट्रेडमिल गणपतीपासून पडून आहे, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. मोटर गेली ही अफवा आहे. बेल्ट कोरडा पडलाय आणि सैल झालाय. पाय ठेवला की घसरतो तो त्यामुळे. बेल्टखाली फक्त सिलिकॉन ऑइल चालतं. कोणीतरी खोबरेल घातलं होतं, त्यावर धूळ बसून चिकटा झालाय. प्लग काढून आधी ते कोरड्या फडक्याने पुसावं लागेल. मागच्या रोलरला दोन बोल्ट आहेत, ते दोन्ही सारखे, पाव-पाव फेराच घट्ट करायचे. बेल्ट मध्यभागी हाताने दोन-तीन इंच उचलला जायला हवा, त्याहून ताठ केला तर मोटर आणि बेअरिंगवर भार येतो. नंतर तीनच्या स्पीडला रिकामा चालवून बघायचा. उजवीकडे सरकत असेल तर फक्त उजवा बोल्ट पाव फेरा आवळायचा. आणि एक्स्टेन्शन बोर्ड ताबडतोब काढा. त्याला भिंतीतला १६ अँपिअरचा पॉइंटच हवा.

सुशांत सी-१०३: खोबरेल कोणी घातलं?

पाटील (सेक्रेटरी): त्या विषयात आता जायला नको.

जोशी काकू ए-१०१: म्हणजे तो घरघराटही परत सुरू होणार.

देशमुख ए-४०२: वहिनी, मशीन सध्या खांबाला चिकटून आहे, कंपन खांबातून वर चढतं. दीड फूट पुढे ओढून खाली १० ते १२ एमएमची रबर टाइल घातली तर बरंच कमी होईल. डंबेलच्या स्टँडखालीही तीच. मात्र आपटणाऱ्याला रबर पुरणार नाही, त्याला समजच द्यावी लागेल.

जोशी काकू ए-१०१: रात्री १० ते सकाळी ६ ही कायद्यात रात्रच आहे. निवासी भागात ४५ डेसिबल. माझ्याकडे कागद आहे.

निलेश बी-५०४: काकू, आदर ठेवून विचारतो, डंबेल आणि मशीनला हात न लावता पाच ते सहा नुसतं जिममधल्या मोकळ्या जागेत मेधाताईंनी सांगितलेलं केलं तर? घरात केलं की बाळ उठतं.

जोशी काकू ए-१०१: हे आधी नीट विचारलं असतं तर मीटिंग गाजली नसती. पंखा चालेल. गाणी नकोत. आणि मोठ्याने आकडे मोजायचे नाहीत.

राहुल ए-७०२: मग सुशांतचं कसं होणार.

अश्विनी बी-३०२: महिलांची वेळ रात्री ८ ते ९ करा. ट्रेडमिलवर नुसतं चाललं तरी चालेल. जेवायच्या आधीच बरं ना ताई?

मेधाताई (फिजिओ) ए-६०३: वजनाचा व्यायाम जेवणाआधी, किंवा जेवणानंतर दोन तासांनी. साधं चालणं मात्र जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं करावं, साखर एकदम चढत नाही. त्याला जिम नको, पोडियमवर चक्कर मारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारून.

साठे ए-२०१: पंखासुद्धा कॉमन मीटरवर आहे.

निलेश बी-५०४: काका, पंख्याचे माझ्याकडून घ्या. दर महिन्याला शंभर रुपये, पावती द्या.

साठे ए-२०१: प्रश्न शंभर रुपयांचा नाही, पद्धतीचा आहे. पण पावती मिळेल.

पाटील (सेक्रेटरी): ठीक आहे. १५ दिवस प्रायोगिक. पहाटे ५ ते ६.३०, मशीन आणि वजनं बंद. वॉचमनकडे वही, नाव लिहून चावी. महिलांची वेळ संध्याकाळी ८ ते ९, त्या वेळेत पुरुष सभासदांनी येऊ नये. लेखी ठराव पुढच्या मीटिंगमध्ये.

अश्विनी बी-३०२: पुढची मीटिंग किती वाजता?

पाटील (सेक्रेटरी): कळवतो.

देशमुख ए-४०२: शनिवारी दुपारी चारला बेल्टचं काम करतो. सिलिकॉन ऑइल मी आणतो. दोन माणसं मशीन ओढायला, जुनी फडकी आणि ६ एमएमची अ‍ॅलन की लागेल. सोसायटीच्या टूलकिटमध्ये होती ना?

पाटील (सेक्रेटरी): टूलकिट बी-७०१ कडे आहे. दिवाळीपासून.

कदम बी-७०१: ते फ्रिजच्या मागे गेलंय. शनिवारी काढतो.