जपानला ट्रायपॉड न्यायचा की घरीच ठेवायचा?

वाटसरू: क्योटो-नारा-तोक्यो असा आठ-दहा दिवसांचा बेत असेल तर दीड किलोचा ट्रायपॉड सामानात कोंबू नका, असं माझं ठाम मत आहे. किन्काकुजी, कियोमिझुदेरा, उजीचं ब्योदोइन, या सगळ्या देवळांत तो उघडायलाच बंदी. तोक्योत शिबुया स्काय या उंच इमारतीच्या गच्चीवर आणि शिंजुकूच्या सरकारी इमारतीत 202 मीटरवर जो फुकटचा निरीक्षण कक्ष आहे, तिथेही तेच.

किन्काकुजीच्या वेळाही बघा: सकाळी 9 ते संध्याकाळी 5. तिथली अडचण कमी उजेडाची नाहीच, सोन्याची आहे. वरचे दोन मजले सोन्याच्या वर्खाने मढवलेले आणि मागे गर्द झाडी. कॅमेरा त्या काळोखाला भुलून एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवतो, लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगाची नोंद मर्यादेबाहेर जाते, आणि वर्खाचा पोत जाऊन नुसता पिवळा ठिपका उरतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −0.7 ते −1 ठेवा आणि तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) बघा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) जपून फिरवा. धातूवरची चमक त्याने हटत नाही, तळ्यातलं प्रतिबिंब मात्र पुसलं जातं. यात ट्रायपॉडचं काम कुठे आहे?

ओहोटी: बंदीबद्दल दुमत नाही. पण जपान म्हणजे फक्त तिकीट काढून आत जायची मंदिरं नव्हेत. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरचा तोरी, म्हणजे देवळासमोरची समुद्रातली कमान घ्या. सूर्यास्तानंतर त्यावर दिवे लागतात, किनारा मोकळा असतो. दिव्यांच्या उजेडात साधारण f/8 (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तसं छिद्र मोठं), आयएसओ 100 (सेन्सरची संवेदनशीलता), शटर 8 सेकंद उघडं, असं एक्स्पोजर बसतं. 8 सेकंदांत लहान लाटा विरघळतात आणि शेंदरी खांबांचं प्रतिबिंब सलग उतरतं. हातात धरून हे कसं करणार?

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र आधी बघा. पातळी 250 सेंटिमीटरच्या वर असेल तर देऊळ तरंगल्यासारखं दिसतं, 100 च्या खाली गेली की तोरीपर्यंत चालत जाता येतं. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय आधी दाबून रोवा, मगच फ्रेम लावा. नाहीतर शटर उघडं असतानाच तो मिलिमीटरभर खचतो आणि दिव्यांना शेपट्या फुटतात.

वाटसरू: तेवढाच उजेड f/2, आयएसओ 1600, 1/30 ला मिळतो. हाताचा कंप सावरणाऱ्या आताच्या स्टॅबिलायझेशनवर 24 मिमीच्या रुंद लेन्सला 1/30 सेकंद काहीच अवघड नाही. ग्रेन, म्हणजे वाढीव आयएसओने येणारे दाणे (नॉईज), खटकत असेल तर तीच फ्रेम सलग 8 वेळा घ्या आणि संगणकावर जुळवून सरासरी काढा. नॉईज जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. आणि तुमच्या 8 सेकंदांत वाऱ्याने हलणारी मेपलची पानं पुसट होतात, ते का सांगत नाही?

ओहोटी: पानं पुसट होतात, मान्य. पण f/2 ला फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) 24 मिमीने 10 मीटरवर फोकस केलात तरी 5 मीटरच्या अलीकडचं सगळं मऊ येतं. समोर 2 मीटरवर दगडी कंदील असेल तर तो गेलाच. f/8 ला अडीच मीटरवर फोकस करा, सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं धारदार. आठ फ्रेमच्या सरासरीने नॉईज जाईल, हा कंदील कसा आणणार?

रीळवाला: दोघांच्याही हिशोबात विजेची फ्रिक्वेन्सी सुटली आहे. ट्यूबलाइट तिच्याच लयीत लुकलुकते, शटरचा वेग त्या लयीशी जुळावा लागतो. पूर्व जपानात, म्हणजे तोक्योत, वीज 50 हर्ट्‌झ आणि क्योटो, ओसाका, हिरोशिमात 60. आपल्याकडे 50 असल्याने घरातल्या उजेडात 1/50 किंवा 1/100 सेकंदाच्या शटरची सवय झालेली असते. तीच ओसाकाच्या गल्लीत वापरली की ट्यूबलाइटच्या उजेडात आडवे काळसर पट्टे येऊ शकतात, इलेक्ट्रॉनिक शटरवर तर जास्तच. पश्चिमेला 1/30, 1/60 किंवा 1/125. वरचा 1/30 क्योटोत चालेल, तोक्योत 1/25 करा. एलईडी जाहिरातफलकांची लय मात्र वेगळीच असते, तिथे मेकॅनिकल शटर आणि शक्य तितका संथ वेग. ट्रायपॉडवरच्या 8 सेकंदांना यातलं काहीच शिवत नाही, तेव्हा या एका मुद्द्यावर मी ओहोटी यांच्या बाजूने.

वाटसरू: हा मुद्दा पटला. तरी क्योटोत यासाका पॅगोडाकडे चढणाऱ्या गल्लीत ट्रायपॉड उघडायला मी कडाडून विरोध करेन. तिथे माणसं राहतात, त्याच चिंचोळ्या चढावरून गाड्या जातात. बाजूच्या गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत परवानगीशिवाय फोटो काढले तर 10,000 येन दंडाच्या पाट्या लागल्या, 2024 पासून काही गल्ल्या पाहुण्यांना बंदच झाल्या. वाट अडवून फोटो काढणाऱ्यांमुळे उद्या हाही रस्ता जायचा.

ओहोटी: त्या गल्लीत मीही उघडू देणार नाही. मियाजिमाला रात्रीचा मुक्काम असेल किंवा कावागुची तळ्याच्या उत्तर काठावरून पहाटे फुजी टिपायचा असेल, तरच न्या. बाकी दिवस तो हॉटेलवर पडून राहिला तरी चालेल.