किल्ली घरात, तरी व्हॅन गेली. हे होतं कसं?

चाकावरचं_बिऱ्हाड
दोन वर्षं सुट्ट्या घालून व्हॅनमध्ये घर उभं केलंय: पलंग, ओटा, फ्रिज, छतावर सोलर. गाडी कीलेस आहे, म्हणजे किल्ली जवळ असली की हँडलला हात लावताच दार उघडतं. व्हॅन रात्री घरासमोर, किल्ली दाराशेजारच्या खुंटीला. परवा आमच्या मागच्या गल्लीतली तशीच व्हॅन रातोरात गेली. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही, किल्ल्या मालकाच्या घरातच. तेव्हापासून किल्ली स्टीलच्या डब्यात ठेवतोय. एवढं पुरेल का? खरंच झोप लागत नाही.

वायरिंगवाली
आधी खुंटी बदला. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करते, हे प्रकरण जवळून पाहिलंय.

हँडलला हात लागला की गाडी किल्लीला हाक मारते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर. ही हाक जेमतेम एक-दोन मीटर पोचते. किल्ली वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, बऱ्याचदा ४३३ मेगाहर्ट्झवर, उत्तर देते. चोर दोघं असतात. एक गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर अँटेना धरून. दोघांची यंत्रं ती हाक भिंतीपलीकडच्या किल्लीपर्यंत पोचवतात. कोड कुणी फोडत नाही, उत्तर खऱ्या किल्लीचंच असतं. मग अलार्म वाजेल कशाला?

डब्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. किल्ली आत घालून डबा दाराच्या हँडलला टेकवा आणि दार उघडून बघा. उघडलं तर डबा कुचकामी. सिग्नल अडवणारा पाउच घ्या, पण तोही दर महिन्याला असाच तपासा. माझ्या पाउचचं आतलं धातूचं कापड घडीवर चिरलं होतं. वरून काहीच दिसत नव्हतं, आणि एक दिवस पाउच हातात असताना गाडी उघडली. काही गाड्यांत कीलेस बंदही करता येतं, मॅन्युअल बघा.

मात्र पाउच फक्त हा एकच रस्ता अडवतो. काही मॉडेलांत आत शिरून डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमधून (गॅरेजवाले बिघाड तपासायला यंत्र जोडतात ते) नवी किल्लीच नोंदवतात. काहींत हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या नेटवर्कमध्ये घुसतात. तिथे तुमची किल्ली कुठे आहे याला काही अर्थ नाही. म्हणून पिन टाकल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा वेगळा इमोबिलायझर बसवा, आणि बाहेरून दिसेल असं दणकट स्टीअरिंग लॉक लावा.

मुक्कामपोस्ट
ताईंशी सहमत. कॅम्परवाल्यांसाठी एक भर: पुढची सीट फिरणारी असेल तर रात्री चालकाची सीट मागे तोंड करून साखळीने जखडा. ती सरळ केल्याशिवाय चालवायला बसताच येत नाही. ट्रॅकर असेल तर त्याला स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर गाडीची वायर काढली की तो मुका.

पण आत झोपणार असाल तेव्हा हे काही लावू नका. सीट सरळ, किल्ली रोज एकाच ठरलेल्या जागी. आग लागली किंवा कुणी दार ठोठावलं तर अंधारात चाचपडत बसायला वेळ नसतो.

चाकावरचं_बिऱ्हाड
आत्ताच करून पाहिलं. डबा हँडलला टेकवला आणि दार खाडकन उघडलं! हात थरथरत होते.

पाउच दोन मागवलेत, कारण दुसरी किल्ली आठवली. ती व्हॅनमध्येच होती, ओट्याखालच्या चमच्यांच्या खणात, ‘अडचणीला’ म्हणून ठेवलेली. काढली. इमोबिलायझरचं काम या आठवड्यातच करून घेतो. ताई, बसवताना नेमकं काय बघून घ्यायचं?

वायरिंगवाली
युनिट सहज हाताला लागेल अशा जागी नको, आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना पिन सांगायची वेळ येऊ नये म्हणून सर्व्हिस मोड, म्हणजे पिनची अट तात्पुरती बंद ठेवायची सोय, आहे का ते विचारा.