नाते चांगले असतानाही फसवणूक का होते?

प्रश्न (निनावी)

माझ्या जोडीदाराचे दुसऱ्या व्यक्तीशी जवळजवळ वर्षभर संबंध होते, हे मला तीन महिन्यांपूर्वी कळले. सहा वर्षांच्या सहवासात आमच्यात मोठी भांडणे नव्हती, अबोला नव्हता. आम्ही सुखी आहोत असेच मी समजत होते. ‘तुझ्यात काहीच कमी नव्हते’ असे तो सांगतो, पण त्याने दिलासा मिळण्याऐवजी मी अधिकच गोंधळते, कारण काही कमी नव्हते तर हे घडले कशासाठी? माणसे असे का वागतात, आणि ज्याच्यावर हे ओढवते त्याच्या मनाचे पुढे काय होते, हे मला समजून घ्यायचे आहे. कृपया धीराच्या शब्दांपेक्षा स्पष्ट उत्तरे द्यावीत.

प्रतिसाद १ (जिज्ञासू)

तो म्हणतो ते खरे असू शकते. मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास आणि थॉमस राइट यांच्या १९८५ च्या अभ्यासात, विवाहबाह्य संबंध ठेवलेल्या पुरुषांपैकी ५६ टक्के आणि स्त्रियांपैकी ३४ टक्के व्यक्तींनी आपले लग्न सुखाचे असल्याचे सांगितले होते. म्हणजे नात्यातील दुःख हे एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, जोडीदाराशी प्रतारणा केलेल्या ४९५ जणांच्या उत्तरांतून आठ प्रेरणा पुढे आल्या. त्यांत राग, दुर्लक्षित असल्याची भावना आणि आटलेले प्रेम यांचा संबंध नात्याशी आहे. मात्र नावीन्याची ओढ, स्वतःचे मोल वाढल्यासारखे वाटणे किंवा मद्यपान, ताण, दूरचा प्रवास अशी परिस्थिती यांचा जोडीदाराच्या गुणदोषांशी फारसा संबंध नसतो.

ग्लास यांची भिंत आणि खिडकी ही उपमा मला फार अचूक वाटते. एकनिष्ठ नात्यात दोघांमध्ये खिडकी असते आणि बाहेरच्या जगाकडे भिंत असते; तिसऱ्या व्यक्तीजवळ घरातले मन मोकळे केले जाते आणि ते घरी लपवले जाते, तेव्हा ही रचना उलटते. शरीरसंबंध येण्याच्या कितीतरी आधी हे घडून गेलेले असते.

प्रतिसाद २ (निनावी)

मी दुसऱ्या बाजूला होतो, म्हणून लिहितो. माझे जोडीदारावर प्रेम होते आणि तरीही मी तिला फसवले. सुरुवात कामाच्या गप्पांनी झाली, मग एक संदेश मी पुसून टाकला, आणि आज मागे पाहताना जाणवते की निर्णय त्या क्षणीच झाला होता, कारण लपवण्यासारखे काही आहे हे मला तेव्हाच कळले होते. त्या व्यक्तीच्या नजरेतला मी थकलेला, नेहमीचा, जबाबदाऱ्यांनी वाकलेला नव्हतो, आणि मला त्या प्रतिमेचा मोह पडला. हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही. घरी बोलण्याचा मार्ग माझ्यापुढे रोज खुला होता.

प्रतिसाद ३ (समुपदेशनाची विद्यार्थिनी)

परिणामांविषयी लिहिते. अशा आघातानंतर झोप उडणे, तीच दृश्ये पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणे, सतत फोनकडे लक्ष जाणे, ही लक्षणे मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसांमध्ये दिसणाऱ्या लक्षणांशी मिळतीजुळती असतात; तो मनाचा दुबळेपणा नव्हे. अनेकांना सर्वांत खोल जखम होते ती भूतकाळाची, कारण ज्या आठवणींवर नाते उभे होते, त्यांतील प्रत्येक आठवण पुन्हा तपासावी लागते, आणि आपल्याला माणूस ओळखता येतो हा स्वतःवरचा विश्वासही ढळतो.

गॉर्डन, बॉकम आणि स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी अशा जोडप्यांसाठी मांडलेल्या उपचारपद्धतीत तीन टप्पे आहेत: प्रथम आघात सावरणे, मग घडले त्याचा अर्थ शोधणे, आणि त्यानंतरच पुढे काय करायचे ते ठरवणे. तीन महिन्यांत सोबत राहायचे की वेगळे व्हायचे, हा निर्णय झालाच पाहिजे असे नाही. जोडीदार प्रश्नांची उत्तरे न चिडता देतो का आणि त्या व्यक्तीशी संपर्क पूर्ण तोडला आहे का, एवढे मात्र आत्ता पाहावे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे आभार. पुसलेल्या संदेशाबद्दलचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ‘माझ्यात काय कमी होते’ हे मी त्याला आजवर विचारत आले. आज ‘पहिली गोष्ट तू माझ्यापासून कधी लपवलीस’ असे विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने पहिल्यांदाच तारीख सांगितली.